आळशी वायू शोधणारा कामसू माणूस

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा आधी मी पळ काढायचा प्रयत्न केला. शेवटी आईला शेजारी बसवून लिहिते आहे. तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंच तर सांभाळून घ्या!

तर झालं असं. आमच्या गो-कार्टच्या टीमने ठरवलं की चॅसीचे काही जॉइंट बाहेरून करून न आणता आपणच टिग वेल्डिंगने करायचे. शिकायला तिघांना पाठवलं, त्यात मी. वर्कशॉपच्या मामांनी ३ मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पट्ट्या कापून दिल्या आणि पहिले चार दिवस फिलर रॉडला हातही लावू दिला नाही. नुसता आर्क धरायचा, पट्टीवर वितळलेल्या लोखंडाचं शर्टाच्या बटणाएवढं डबकं करायचं आणि ते सरळ रेषेत पुढे न्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण टंगस्टनचं टोक पट्टीपासून दोन-अडीच मिलिमीटरवरच राहिलं पाहिजे, टॉर्च किंचित मागे कललेला पाहिजे आणि हात थरथरता कामा नये. पहिल्या दिवशी माझं टंगस्टन अकरा वेळा डबक्यात बुडलं. बुडलं की त्याला लोखंडाचा गोळा चिकटतो, आर्क भरकटतो, मग मशीन बंद करून टंगस्टन ग्राइंडरवर पुन्हा पेन्सिलसारखं टोकदार करायचं. अकरा वेळा!

पाचव्या दिवशी फिलर रॉड मिळाला आणि माझा पहिला जॉइंट चक्क अनारशासारखा दिसत होता. नुसती जाळी. मी करंट कमी केला, जास्त केला, मशीनला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मामा लांबून बघत होते. काही न बोलता उठले आणि भिंतीवरचा पंखा बंद केला. पुढचा जॉइंट बराच बरा आला. टॉर्चमधून मिनिटाला आठ-दहा लिटर आर्गॉन डबक्यावर सोडलेला असतो, तो पंख्याच्या वाऱ्याने उडून जात होता. मग वितळलेल्या लोखंडात हवा शिरते आणि लोखंड थिजताना तिचे बुडबुडे आतच अडकतात. हे आर्गॉन नक्की करतो काय, असं मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, काहीच करत नाही ताई, आणि त्याचेच तर पैसे आहेत.

काहीच न करण्याचे पैसे घेणारा हा वायू कोणाला आणि कसा सापडला, हे बघायला मी लायब्ररीत गेले. तिथे मला सर विल्यम रॅमसे भेटले. नाव बारावीच्या पुस्तकात एका ओळीत येऊन गेलं होतं. त्या एका ओळीत या माणसावर अन्यायच झाला आहे, असं माझं मत झालं.

विल्यम रॅमसे यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५२ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झाला. वडील सिव्हिल इंजिनिअर, काका नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ. म्हणजे घरात सायन्स होतंच. पण विल्यम केमिस्ट्रीकडे वळला तो भलत्याच कारणाने. फुटबॉल खेळताना पाय मोडला, अंथरुणात पडून राहावं लागलं आणि तेव्हा त्याने ग्रॅहम यांचं केमिस्ट्रीचं पुस्तक वाचायला घेतलं. त्याला त्यातून फटाके कसे बनवायचे ते शिकायचं होतं! चौदाव्या वर्षी तो ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला आणि १८७२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथून डॉक्टरेट घेऊन परतला. विसाव्या वर्षी. मी विसाव्या वर्षी टंगस्टन बुडवते आहे. असो.

परत आल्यावर काही वर्षं ग्लासगोमध्येच सहायकाची कामं केली. १८८० मध्ये ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रोफेसर आणि पुढच्याच वर्षी त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. त्याच वर्षी मार्गारेट बुकॅनन यांच्याशी लग्न झालं. १८८७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केमिस्ट्रीचे प्रोफेसर म्हणून आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. इथपर्यंतचं चरित्र कुठल्याही हुशार प्रोफेसरचं असतं तसंच आहे. वेगळी गोष्ट एकच, आणि पुढे तीच कामी आली. रॅमसेंचे हात. काच फुंकण्यात ते इतके तरबेज होते की प्रयोगाला लागणाऱ्या नळ्या, चंबू, जोड ते स्वतः बर्नरवर बनवायचे. आपल्याकडे जर्नलमध्ये नीटनेटकी आकृती काढून ॲपरेटस असं लिहिलं की संपलं. त्यांच्याकडे ॲपरेटस म्हणजे आधी बर्नरसमोर बसून काच वितळवायची, जोड द्यायचा आणि तो एक बुडबुडाही गळणार नाही इतका पक्का आहे ना ते बघायचं. म्हणजे एका अर्थी तेही वेल्डिंगच की!

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नावाचे भौतिकशास्त्रज्ञ वायूंची घनता मोजत होते. नायट्रोजनपाशी गाडी अडली. हवेतून ऑक्सिजन, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे सगळं काढून टाकून उरलेला नायट्रोजन त्यांनी काचेच्या एका गोळ्यात भरून तोलला, तर वजन भरलं २.३१० ग्रॅम. अमोनियासारख्या रसायनांपासून बनवलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात भरला, तर २.२९९ ग्रॅम. फरक अकरा मिलिग्रॅमचा. प्रॅक्टिकलला आपल्याला असा फरक आला तर आपण काय करतो, ते इथे छापू नये हेच बरं. अर्ध्या टक्क्याच्या आत उत्तर आलं म्हणून मी तर पार्टी दिली असती. रॅलेंनी तसं केलं नाही. पुन्हा पुन्हा मोजलं, फरक जाईना. १८९२ मध्ये त्यांनी नेचर या नियतकालिकात पत्र लिहून केमिस्ट मंडळींना सरळ विचारलं की याचं कारण काय असेल, कोणी सांगेल का.

१९ एप्रिल १८९४ ला रॅलेंचं याच विषयावर रॉयल सोसायटीत व्याख्यान झालं. त्यानंतर रॅमसेंनी त्यांच्या संमतीने काम हातात घेतलं. रॅलेंना वाटत होतं की रसायनातून आलेल्या नायट्रोजनमध्ये काहीतरी हलकं मिसळलं असावं. रॅमसेंना वाटलं, नाही, हवेतल्या नायट्रोजनमध्येच काहीतरी जड लपलेलं आहे. मग नायट्रोजन खाऊन टाकायचा आणि काय उरतं ते बघायचं. तापवून लाल केलेलं मॅग्नेशियम नायट्रोजन शोषून घेतं. रॅमसेंनी हवेतला नायट्रोजन त्या मॅग्नेशियमवरून नेला, परत आणला, परत नेला. असं दिवसेंदिवस. वायू कमी कमी होत गेला आणि उरलेला जड जड होत गेला. हायड्रोजनच्या तुलनेत नायट्रोजनची घनता १४ असते. ती पंधराच्या जवळ गेली, मग सोळा, मग एकोणीसच्या वर. शेवटी विसाच्या आसपास येऊन थांबली आणि त्यापुढे मॅग्नेशियम त्या वायूला हात लावेना. त्याचा वर्णपट पाहिला तर लाल आणि हिरव्या रेषांचे असे गट दिसले की ते कुठल्याच माहीत असलेल्या वायूचे नव्हते.

गंमत म्हणजे हा वायू शंभर वर्षं आधी एकाच्या हातात येऊन गेला होता. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हवेत विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रोजन संपवत आणला होता. शेवटी एक छोटासा बुडबुडा उरला, मूळ वायूच्या १२० व्या भागाहून जास्त नाही. कॅव्हेंडिशने ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. पुढे कोणी त्या बुडबुड्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत रॅले आणि रॅमसे दोघांनी मिळून शोध जाहीर केला. आर्गॉन हे नाव सभेच्या अध्यक्षांनी सुचवलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आळशी, काम न करणारा. (आमच्या विंगमध्ये या नावाला पात्र असलेल्या किमान चार मुली आहेत.) सगळ्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या असं मुळीच नाही. हा नवा वायू नसून नायट्रोजनचे तीन अणू एकत्र येऊन बनलेला प्रकार आहे, अशी शंका जेम्स ड्यूअर यांच्यासारख्यांनी काढली. मेंडेलीव्हलाही तसंच वाटत होतं. आणि का वाटू नये? त्यांच्या आवर्तसारणीत या पाहुण्याला बसायला जागाच नव्हती. रॅमसेंनी थोडा आर्गॉन पॅरिसला मोसाँ यांच्याकडे पाठवला. दिसेल त्याला खाणारा फ्लोरिन त्यांनी आर्गॉनवर सोडून पाहिला, तरी काहीच झालं नाही. शेवटी सारणीत एक अख्खा नवीन रकानाच वाढवावा लागला.

मी एक हिशोब केला. हवेत आर्गॉन ०.९३ टक्के असतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त. आपली हॉस्टेलची खोली ४ मीटर बाय ३ मीटर आणि उंची ३ मीटर धरली, तर खोलीत सव्वातीनशे लिटरच्या वर आर्गॉन आहे. वजन अर्धा किलोपेक्षा जास्त! आणि वर्कशॉपमध्ये तो सिलिंडरने विकत आणावा लागतो.

पुढच्याच वर्षी, मार्च १८९५ मध्ये, रॅमसेंना दुसरा वायू सापडला. आर्गॉन कुठल्या खनिजात मिळतो का, हे ते शोधत होते. युरेनियमच्या एका खनिजातून अमेरिकेत हिलब्रँड यांनी नायट्रोजनसारखा वायू काढला आहे, असं ब्रिटिश म्युझियममधल्या एका खनिजतज्ज्ञांनी त्यांना कळवलं. रॅमसेंनी तसलं खनिज विकत आणून आम्लात उकळलं. निघालेल्या वायूच्या वर्णपटात एक झळझळीत पिवळी रेघ होती. ती रेघ याआधी फक्त सूर्यात दिसली होती. हा हेलियम!

इथे कोकणातल्या वाचकांसाठी थोडं थांबते. १८६८ मध्ये नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं आपण सगळेच ऐकत आलो आहोत. तिथल्या ओट्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. शाळेच्या ट्रिपमध्ये मीही त्यांवर उभं राहून फोटो काढला आहे. वाचल्यावर कळलं की १८६८ च्या ऑगस्टमध्ये ग्रहण आपल्या देशात दिसलं हे खरं, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याचा वर्णपट घेतला. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोपर्यंत रॅमसेंना पृथ्वीवर हेलियम सापडून जवळजवळ तीन वर्षं झाली होती. आईला हे सांगितलं तर ती जरा नाराजच झाली.

१८९८ हे साल तर कमालीचं. मॉरिस ट्रॅव्हर्स नावाचा तरुण सहकारी रॅमसेंच्या हाताशी होता. हॅम्पसन यांच्या नव्या यंत्राने द्रवरूप हवा मिळायला लागली होती. त्यांनी ती हळूहळू उडू दिली आणि तळाशी उरलेल्या थोड्याशा भागातून ३० मे रोजी क्रिप्टॉन निघाला. त्या रात्री दोघं घनता मोजत उशिरापर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हर्सची डी.एस्सी.ची परीक्षा होती आणि ते तो जवळजवळ विसरलाच होता! सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्या जनतेने हे लक्षात ठेवावं, मात्र विसरायला कारण तेवढं भारी हवं. जूनमध्ये आर्गॉनच्या हलक्या भागातून निऑन मिळाला. नळीत वीज सोडताच लालभडक उजेड पडला. त्याचं नाव रॅमसेंच्या शाळकरी मुलाने सुचवलं. त्याने लॅटिनमधलं नवीन या अर्थाचं सांगितलं, वडिलांनी त्याचं ग्रीक करून घेतलं. जुलैमध्ये झेनॉन. सहा आठवड्यांत तीन मूलद्रव्यं.

यानंतर रॅमसे भारतात आले, हे मला अजिबात माहीत नव्हतं. जमशेटजी टाटांना देशात विज्ञान संशोधनाची संस्था काढायची होती. ती कशी असावी आणि कुठे असावी, हे बघायला त्यांनी १९०० च्या हिवाळ्यात रॅमसेंना बोलावलं. रॅमसेंनी देशभर फिरून बंगळूरचं नाव सुचवलं. टाटा १९०४ मध्ये गेले, संस्था १९०९ मध्ये उभी राहिली, आणि तिचा पहिला संचालक कोण? परीक्षा विसरणारा तो ट्रॅव्हर्स! आज आपण गेटची तयारी करताना ज्या संस्थेचं नाव घेऊन उसासे टाकतो, ती तिथे आहे त्यात रॅमसेंच्या शब्दाचा वाटा आहे.

१९०२ मध्ये सर ही पदवी, १९०४ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल. केमिस्ट्रीत ते मिळवणारे ते पहिले ब्रिटिश. त्याच वर्षी फिजिक्सचं नोबेल रॅलेंना मिळालं. त्याआधी १९०३ मध्ये सॉडी यांच्याबरोबर त्यांनी दाखवून दिलं होतं की रेडियमपासून हेलियम तयार होतो. १९१० मध्ये व्हायटलॉ-ग्रे यांच्याबरोबर रेडियममधून निघणाऱ्या रेडॉन वायूची घनता मोजली, आणि हातात वायू किती होता, तर एका घन मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. ते मोजायला त्यांना वेगळा तराजूच बनवावा लागला.

पण मला रॅमसे जास्त जवळचे वाटले ते त्यांच्या चुकीमुळे. १९०७ मध्ये त्यांनी आणि कॅमेरॉन यांनी जाहीर केलं की रेडियममधून निघणारा वायू तांब्याच्या द्रावणावर सोडला की त्यात लिथियम तयार होतं. म्हणजे एका धातूचा दुसरा धातू! पेपरांत गाजावाजा झाला. पॅरिसला मादाम क्युरी आणि एलेन ग्लेडिट्श यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, फक्त काचेच्या भांड्याऐवजी प्लॅटिनमचं भांडं घेतलं. लिथियम आलंच नाही. ते रॅमसेंच्या द्रावणात काचेतून उतरलं होतं. ज्या काचेवर या माणसाची हुकूमत होती, जिने त्यांना एवढे वायू मिळवून दिले, तिनेच दगा दिला. अकरा मिलिग्रॅमचा फरक ज्यांनी सोडला नाही, त्यांच्या नजरेतून भांडं निसटलं. हे वाचून मी फार वेळ तशीच बसले होते. तेव्हा कारण कळलं नाही, नंतर कळलं, ते शेवटी सांगते.

१९१२ च्या सुमारास ते निवृत्त झाले. महायुद्ध सुरू झाल्यावर ते सरकारच्या मदतीला धावले. ज्या जर्मनीत ते शिकले, जिची भाषा ते उत्तम बोलत, तिच्याबद्दल ते फार कडवटपणे लिहायला लागले. वाचताना वाईट वाटतं. पुढे नाकाचा कॅन्सर झाला आणि २३ जुलै १९१६ रोजी इंग्लंडमधल्या हाय विकमजवळ त्यांचं निधन झालं.

त्यांच्या हयातीतच, डिसेंबर १९१० मध्ये, पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोद यांनी निऑनचे दिवे लावून दाखवले होते. टिग वेल्डिंग मात्र त्यांनी पाहिलं नाही. अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीत विमानासाठी मॅग्नेशियम जोडायचं होतं, आणि मॅग्नेशियम म्हणजे तापलं की हवेतलं सगळं ओढून घेणारा धातू. तिथल्या रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनच्या आर्कभोवती हेलियम सोडून ते जमवलं. १९४२ मध्ये पेटंट मिळालं. रॅमसेंनी ज्या तापलेल्या मॅग्नेशियमने नायट्रोजन खाऊन आर्गॉन पकडला, त्याच मॅग्नेशियमला हवेपासून वाचवायला त्यांचाच दुसरा वायू कामाला आला! नंतर हवा थंड करून वेगळा काढलेला आर्गॉन स्वस्त पडू लागला. ऑक्सिजन उणे १८३ अंशाला उकळतो आणि आर्गॉन उणे १८६ ला. या तीन अंशांच्या फटीतून आपला सिलिंडर भरून येतो.

आता माझ्या जॉइंटचं. पंखा बंद करूनही माझ्या वेल्डमध्ये अधूनमधून एखादं छिद्र यायचंच. आर्क बंद झाल्यावर टॉर्च काही सेकंद तिथेच धरायचा असतो, म्हणजे गरम धातूवर आर्गॉन राहतो, तेही मी करत होते. पट्ट्या ग्राइंडरने चकचकीत करून घेत होते. तरी छिद्र. मग मी काय केलं, तर जॉब द्यायच्या आधी ग्राइंडरने वेल्ड सपाट घासून टाकला. छिद्रं गायब. दिसायला एकदम फर्स्टक्लास. मामांनी तो हातात घेतला, काही न बोलता व्हाइसमध्ये धरला आणि हॅकसॉने वेल्डवर आडवा कापला. आत दोन छिद्रं होती. मग त्यांनी माझा फिलर रॉड घेतला, पांढऱ्या चिंधीने पुसला आणि ती चिंधी मला दाखवली. काळी! प्लेट घासताना मी हातमोजे तेलकट केले होते आणि त्याच हातमोज्यांनी रॉड धरत होते. प्लेट स्वच्छ, गॅस बरोबर, करंट बरोबर, आणि घाण माझ्याच हातातून येत होती.

दुसऱ्या दिवशी नवीन हातमोजे घेतले, रॉड पुसला आणि जॉइंट केला. न घासता, जसा आला तसा दिला. एका टोकाला, जिथे मी आर्क संपवला होता तिथे, टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र आहे. जर्नलमध्ये तसं लिहिलं, शेजारी आकृतीही काढली. दहापैकी सहा मिळाले. चॅसीला हात लावायला अजून दोन आठवडे लागतील, असं मामा म्हणाले. कापलेला तो जुना तुकडा त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायला.